फ्री किक: रेफरीचा वर केलेला हात, तीस फूट आणि एक भिंत

रेफरीने शिट्टी वाजवून एक हात सरळ डोक्यावर नेला आणि तो तसाच वर ठेवला. बॉक्सबाहेरून, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाबाहेरून, मारलेला बॉल कोणालाही न लागता थेट जाळ्यात गेला. मारणारा संघ नाचतोय आणि रेफरी मात्र गोल किक देतोय, म्हणजे बचाव करणाऱ्यांना त्यांच्या गोलसमोरून बॉल मारायला सांगतोय. नाशिकमध्ये शाळा-कॉलेजच्या फुटबॉल सामन्यांत असं झालं की बाजूच्या रेषेवरून आरडाओरडा ठरलेला: गोल का नाही? खरं तर उत्तर आधीच मिळालेलं असतं. वर ठेवलेला हात म्हणजे ही फ्री किक इनडायरेक्ट आहे आणि तिच्यावर थेट गोल होत नाही.

गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने बघत वाढलेल्या नाशिककराला फ्री किक ही क्रिकेटमधल्या फ्री हिटसारखी वाटते. समोरच्याने नियम मोडला म्हणून दोन्ही मिळतात, साम्य तेवढंच. फ्री हिटवर फलंदाजाला बाद होण्यापासून बरंचसं संरक्षण असतं, पण क्षेत्ररक्षक मैदानात असतात तसेच असतात. फ्री किकचं उलटं आहे. संरक्षण कसलंही नाही, बॉल हलला की खेळ सुरू. पण तोवर समोरच्या प्रत्येकाला ९.१५ मीटर लांब राहावं लागतं.

म्हणजे फ्री किक मिळालेल्या संघाच्या हाती तीन गोष्टी येतात: थांबलेला बॉल, समोरची मोकळी जागा, आणि खेळ नेमका कोणत्या क्षणी सुरू करायचा हे ठरवण्याचा हक्क. पहिल्या दोन सगळ्यांना दिसतात. तिसरी सर्वांत किमती आहे आणि आपल्या मैदानांवर तीच सर्वांत जास्त वाया जाते. फाऊल झाला की पाच जण रेफरीभोवती गोळा होतात, तेवढ्यात समोरचा संघ आरामात मागे जाऊन उभा राहतो. मग कुणीतरी तीस मीटरवरून गोलवर मारतो आणि बॉल कंपाउंडबाहेर. युरोपातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा थेट गोलवर मारलेल्या शंभर फ्री किकमागे गोलांची संख्या दोन आकडी होत नाही. आपल्याकडे किती होत असेल याचा अंदाज करावा.

९.१५ हा विचित्र आकडा १० यार्डांचा आहे, म्हणजे ३० फूट. आधी हे अंतर ६ यार्डच होतं. १९१३ मध्ये ते १० झालं. फ्री किक मात्र त्याहून जुनी. १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलचे पहिले नियम लिहिले गेले, त्यात हवेतला बॉल नीट झेलणाऱ्याला टाचेने जमिनीवर खूण करून फ्री किक मागता येत असे. तेव्हा बॉल हाताने झेलायला परवानगी होती! फुटबॉलमधून ती पद्धत गेली, रग्बीत राहिली. आणि फ्री किकवरून थेट गोल करण्याची मुभा आली ती १९०३ मध्ये.

डायरेक्ट की इनडायरेक्ट

अंगाशी केलेला फाऊल आणि हँडबॉल यांना डायरेक्ट, बाकी बहुतेक गोष्टींना इनडायरेक्ट, एवढं ढोबळ सूत्र लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. लाथ मारणं, पाय घालून पाडणं, ढकलणं, अंगावर उडी घेणं, हाताने मारणं, चुकीचं टॅकल, जर्सी किंवा हात धरून ठेवणं, अंगाला अंग लावून वाट अडवणं, थुंकणं, चावणं, कुणावर किंवा बॉलवर वस्तू फेकून मारणं ही सगळी डायरेक्ट फ्री किकची कारणं. हेच बचाव करणाऱ्याने स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये केलं तर पेनल्टी.

लाथ, धक्का, टॅकल अशा फाऊलमध्ये रेफरी तीन पायऱ्या पाहतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक पुरते, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता घुसला असेल तर पिवळं. गरजेपेक्षा फार जास्त ताकद लावून दुखापतीचा धोका निर्माण केला तर लाल. ‘सर, मी आधी बॉललाच पाय लावला होता’ हा बचाव म्हणूनच दर वेळी चालत नाही. बॉलला लागूनही टॅकल बेपर्वा असू शकतं.

इनडायरेक्टमध्ये सर्वांत जास्त वेळा येतो तो ऑफसाइड (समोरच्या बचावफळीच्या पलीकडे आधीच उभं राहून सहकाऱ्याचा बॉल घेणं). त्याखालोखाल धोकादायक खेळ: समोरचा डोक्याने बॉल घ्यायला वाकलाय आणि तुम्ही पाय त्याच्या तोंडापर्यंत नेलात, पण लागला नाही. लागला तर तीच फ्री किक डायरेक्ट होते. अंगाला न लागता वाट अडवणं, रेफरीशी हुज्जत घालणं, गोलकीपरला हातातला बॉल सोडू न देणं हेही इथेच.

गोलकीपरच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला बॉल (बॅकपास) कीपरने हातात घेतला तर इनडायरेक्ट; हा नियम १९९२ पासूनचा. डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिलेला चालतो, मात्र नियमाला बगल देण्यासाठी बॉल मुद्दाम पायाने उडवून डोक्यावर घेतला तर चालत नाही. सहकाऱ्याच्या पायाला चुकून लागून आलेला बॉल उचलायला हरकत नाही. सहकाऱ्याचा थ्रो-इन थेट हातात घेणं आणि एकदा सोडलेला बॉल दुसऱ्या कोणाला न लागता पुन्हा हाताने धरणं, दोन्हीही इनडायरेक्ट. बॉल जास्त वेळ हातात ठेवण्याची शिक्षा मात्र आता बदलली आहे. पूर्वी सहा सेकंदांनंतर इनडायरेक्ट फ्री किक होती. २०२५-२६ च्या नियमांपासून मर्यादा आठ सेकंदांची आणि शिक्षा कॉर्नर, म्हणजे समोरच्यांना मैदानाच्या कोपऱ्यातून किक. जुनं पुस्तक पाठ असलेल्या प्रशिक्षकांचा यावर बराच घसा कोरडा होतो.

इनडायरेक्टवर गोल होण्यासाठी बॉलला मारणाऱ्याशिवाय आणखी कुणाचा तरी स्पर्श व्हायला हवा. तो कुणाचाही चालतो: सहकारी, वॉलमधला (बॉलसमोर भिंतीसारख्या उभ्या केलेल्या बचावाच्या रांगेतला) खेळाडू, अगदी कीपरची बोटंसुद्धा. म्हणून रेफरीचा हात वर असताना सरळ गोलकडे येणारा बॉल कीपरने सोडून द्यावा. जाळ्यात गेला तर गोल किक मिळते. वाचवायला जाऊन बोट लागलं आणि आत गेला तर गोल. प्रत्यक्षात मध्ये कुणाचा गुडघा लागला की नाही हे कीपरला दर वेळी दिसत नाही, त्यामुळे हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. रेफरी हात वर करायलाच विसरला आणि बॉल थेट आत गेला तर फ्री किक पुन्हा घ्यायची. आणि कोणतीही फ्री किक स्वतःच्याच गोलमध्ये थेट गेली तर समोरच्या संघाला कॉर्नर, गोल नव्हे.

हल्ला करणाऱ्यांची इनडायरेक्ट फ्री किक बॉक्समध्ये, गोलच्या अगदी जवळही येऊ शकते. फाऊल गोल एरियात (गोलला लागून असलेल्या छोट्या चौकोनात) झाला असेल तर बॉल गोलरेषेपासून ५.५ मीटरवरच्या रेषेवर आणून ठेवतात. एवढ्या जवळ ९.१५ मीटर मिळणं शक्य नसतं, म्हणून बचाव करणाऱ्यांना दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभं राहायची परवानगी असते. अख्खा संघ तिथे ओळीने उभा राहतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पहिला खेळाडू बॉलच्या डोक्यावर फक्त पाय ठेवतो आणि दुसरा मारतो. नियमाप्रमाणे बॉल किक होऊन स्पष्ट हलला पाहिजे. पाय टेकवला, बॉल जागचा हलला नाही, तर पहिला स्पर्श झालाच नाही आणि दुसऱ्याने केलेला गोल थेट ठरतो. बॉल बाजूला हातभर तरी सरकवावा.

शिट्टीची वाट बघायची का?

बहुतेक वेळा नाही. फाऊल जिथे झाला तिथे बॉल ठेवा, तो पूर्ण थांबू द्या आणि मारा. पुढची शिट्टी लागते ती कार्ड दाखवायचं असेल, कुणी जखमी असेल, बदली खेळाडू येत असेल किंवा तुम्ही अंतर मागितलं असेल तेव्हा. ‘सर, दहा यार्ड’ म्हटलं की झटपट किकचा पर्याय तुम्ही स्वतःच सोडून दिलात. रेफरी शिट्टीकडे बोट दाखवेल आणि ती वाजेपर्यंत थांबावंच लागेल. मागितल्यावरही कुणी मारलाच तर किक पुन्हा.

झटपट घ्यायची ठरवली तर समोरचा जवळ उभा असण्याचा धोका तुमचा. तो ९.१५ मीटरच्या आत असला आणि तुम्ही मारलेला बॉल त्याने अडवला तर खेळ सुरूच राहतो. मात्र तो मुद्दाम बॉलसमोर येऊन तुम्हाला किक घेऊच देत नसेल, किंवा बॉल लाथाडून लांब घालवत असेल, तर पिवळं कार्ड.

या हक्काचं आपल्या देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ३ मार्च २०२३ चं. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बेंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. गोल नाही म्हणून जादा वेळ सुरू झालेला. सुनील छेत्रीला बॉक्सच्या तोंडाशी फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा कीपर वॉल लावण्यात गुंतलेला असताना छेत्रीने बॉल हलकेच रिकाम्या गोलमध्ये टाकला. रेफरीने गोल दिला. ब्लास्टर्सचं म्हणणं, आम्ही तयार नव्हतो. संघ मैदान सोडून गेला आणि परत आला नाही. निकाल १-० असा कायम राहिला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला. ‘शिट्टीसाठी थांबा’ असं रेफरीने सांगितलं होतं की नाही, वाद त्यावर झाला आणि तोच बरोबर मुद्दा आहे. बचाव करणाऱ्यांची तयारी झाली पाहिजे असा नियम कुठेच नाही. वॉल लावायला वेळ मिळणं हा त्यांचा हक्क नसतो.

म्हणून बचावाची पहिली जबाबदारी कीपरची नाही, बॉलच्या सर्वांत जवळ असलेल्या खेळाडूची. किक झटपट जाणार की शिट्टीवर, हे त्याने रेफरीकडे बघून ओळखायचं आणि ओरडून सांगायचं. तोपर्यंत कीपरने गोलचा मध्य सोडू नये. हल्ला करणाऱ्यांनी उलट सवय लावावी: फाऊल झालेल्याने उठून हुज्जत न घालता बॉल ठेवायचा, आणि दुसऱ्या एकाने मान वर करून कोण मोकळं आहे ते बघायचं. मैदानाच्या मध्यावर मिळालेल्या फ्री किकचा खरा फायदा बहुधा एवढ्याच चार सेकंदांत असतो.

आणखी दोन गोष्टी राहून जातात. गोल किक, कॉर्नर आणि थ्रो-इनवरून थेट ऑफसाइड होत नाही, फ्री किकवरून होतो. आणि किक घेणाऱ्याने बॉल दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत पुन्हा खेळायचा नाही. बॉल खांबाला आपटून त्याच्याकडेच परत आला तरी नाही, कारण खांब म्हणजे खेळाडू नव्हे. खेळला तर समोरच्यांना इनडायरेक्ट.

वॉल

वॉल हे गोल झाकण्याचं नाही, गोलचा अर्धा भाग झाकण्याचं साधन आहे. जवळच्या खांबाकडचा अर्धा भाग वॉलचा, लांबचा अर्धा कीपरचा. ही वाटणी न समजता सहा-सहा जण उभे केले की कीपरला बॉलच दिसत नाही.

किती जण लागतील हे अंतर आणि कोन ठरवतात. गोलच्या समोर १८ ते २२ मीटरवर चार किंवा पाच. बॉक्सच्या बाजूने, कोनातून असेल तर दोन-तीन, कारण तिथून गोलपेक्षा क्रॉसचा धोका मोठा. ३० मीटरवर एक-दोन पुरतात. चौदा वर्षांखालच्या सामन्यात पाच जणांची वॉल ही उधळपट्टीच असते. त्या वयात वॉलवरून बॉल काढून परत खाली आणणारा क्वचित सापडतो, आणि बॉक्समध्ये मार्क न केलेला खेळाडू मात्र नेहमी सापडतो.

उभं करण्याची पद्धत अशी. बॉलपासून जवळच्या खांबापर्यंत एक सरळ रेषा मनात धरा. वॉलमधला दुसरा खेळाडू त्या रेषेवर, आणि पहिला रेषेच्या बाहेर. एक माणूस बाहेर ठेवायचा कारण बॉल वॉलच्या बाहेरून वळून आत येऊ शकतो. उंच खेळाडू याच टोकाला, मग उतरत्या उंचीने आत. रेषा जुळवायला कीपरला खांबाजवळ जावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ उरलेला गोल उघडा. शिट्टीवरची किक आहे हे पक्कं झाल्याशिवाय त्याने ते करू नये. त्यापेक्षा एखाद्या फॉरवर्डने बॉलच्या मागे लांब उभं राहून, गोलकडे बघत, हाताने वॉल डावीकडे-उजवीकडे सरकवणं जास्त सुरक्षित.

पावलं आणि खांदे चिकटलेले, डोळे उघडे, पाठ फिरवायची नाही. हात अंगाच्या पुढे किंवा मागे. उडी मारताना हात वर गेला आणि बॉल लागला तर हँडबॉल. आणि वॉल बॉक्समध्ये उभी असेल तर २० मीटरवरच्या फ्री किकची ११ मीटरवरची पेनल्टी होते. शाळेच्या सामन्यांत हे फार वेळा होतं, कारण तोंड वाचवायला हात आपोआप वर जातात.

उडी मारायची की नाही हे आधी ठरवा, आणि मारायची तर सगळ्यांनी. अर्धे उडाले आणि अर्धे उभे राहिले तर मध्ये भगदाड पडतं. सगळे उडाले तर पायाखालून बॉल जाऊ शकतो. म्हणून आता वॉलच्या मागे एकाला आडवं झोपवतात; ऑक्टोबर २०१८ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध इंटर मिलानच्या मार्सेलो ब्रोझोविचने लुईस सुआरेझचा असाच खालून येणारा बॉल अडवला आणि तो प्रकार जगभर गेला. चिखलातल्या मैदानावर झोपायला स्वयंसेवक मिळणं कठीण, हे वेगळं.

हल्ला करणारे पूर्वी वॉलमध्ये घुसून धक्काबुक्की करत. २०१९ पासून वॉल तीन किंवा जास्त जणांची असेल तर बॉल हलेपर्यंत त्यांना किमान १ मीटर लांब राहावं लागतं. नाही राहिले तर फ्री किक उलटते: बचाव करणाऱ्यांना इनडायरेक्ट. दुसरीकडे, वॉलने किकआधीच पुढे धावायचं नाही. १९७४ च्या विश्वचषकात झैरेचा म्वेपू इलुंगा ब्राझीलच्या फ्री किकवर वॉलमधून धावत सुटला आणि किक व्हायच्या आतच त्याने बॉल लांब मारून टाकला. पिवळं कार्ड मिळालं. लोक अजून ती क्लिप बघून हसतात, पण दोन-तीन पावलं लवकर पुढे सरकणारी वॉल प्रत्येक सामन्यात असते आणि तिलाही तेच कार्ड आहे.

जोरात मारलं की वॉलला का लागतं

मुलांना वाटतं फ्री किक म्हणजे ताकद. इथे थोडं गणित कामाला येतं. बॉल २० मीटरवर आहे. वॉल ९.१५ मीटरवर, उभी असेल तर साधारण १.८ मीटर उंच, उडी मारली तर २.२ किंवा थोडी अधिक. गोलचा आडवा दांडा २.४४ मीटरवर. बॉल दांड्याखालून, २.२ मीटर उंचीवर गोलमध्ये शिरायला हवा असेल, तर फिरकी आणि हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब असा येतो: ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला बॉल वॉलपाशी १.६७ मीटर उंचीवर असतो, म्हणजे थेट कपाळावर. ताशी ८० ने मारला तर २.१ मीटर, उभ्या वॉलवरून जाईल, उडालेल्या वॉलला लागेल. ताशी ७० ने मारला तर अडीच मीटर, उडालेल्या वॉलवरूनही सहज. पण त्याला गोलपर्यंत पोचायला १.१ सेकंद लागतात. १०० वाल्याला ०.७५ च्या आसपास. तेवढ्या जादा वेळात कीपर पोचतो.

फ्री किकचा सगळा पेच या दोन आकड्यांत आहे. हळू मारा तर कीपर, जोरात मारा तर वॉल. आणि जवळून मारणं सोपं असतं हाही गैरसमज. तोच ताशी ७० चा बॉल १७ मीटरवरून मारला तर वॉलपाशी तो २.२५ मीटरवरच असतो, कारण वॉलनंतर खाली यायला जागाच उरत नाही. बॉक्सच्या रेषेला खेटून मिळालेली फ्री किक बघून प्रेक्षक उठून उभे राहतात. मारणाऱ्याला २२ मीटर जास्त आवडतात.

पेच सोडवते ती फिरकी. फिरणारा बॉल एका बाजूची हवा जास्त वळवतो आणि स्वतः उलट बाजूला ढकलला जातो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. फिरकी आडवी असेल तर बॉल बाजूला वळतो, वरून पुढे फिरत असेल तर लवकर खाली येतो. चांगल्या फ्री किकमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. ३ जून १९९७ रोजी लियाँमध्ये रॉबर्टो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध साधारण ३५ मीटरवरून डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेला बॉल वॉलच्या उजवीकडून बाहेर जाताजाता डावीकडे आत आला. एवढं वळण दिसायला लांब अंतर लागतं, कारण बॉलचा वेग कमी होत जातो तसं वळण जास्त तीव्र होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे इथे बॉल किंचित कमी वळायला हवा. पण आपल्या पातळीवर चुकलेल्या किकचं खापर हवेवर फोडता येणार नाही.

उजव्या पायाने आतल्या बाजूने मारलेला बॉल उजवीकडून डावीकडे वळतो. म्हणून गोलकडे तोंड करून डाव्या अंगाला मिळालेली किक उजव्या पायाच्या खेळाडूला द्यावी: बॉल वॉलवरून जाऊन कीपरपासून लांब, जवळच्या खांबाकडे वळत जातो. उजव्या अंगाची डावखुऱ्याला. दुसरं लक्ष्य म्हणजे लांबचा खांब, तिथे बॉल वॉलच्या आतल्या टोकाच्या बाजूने बाहेर काढून आत वळवायचा.

मारताना धाव तिरकी, ३० ते ४५ अंशांतून, तीन-चार पावलं पुरेत. टेकवलेला पाय बॉलच्या बाजूला वीतभर अंतरावर, बोटं लक्ष्याकडे. घोटा घट्ट. बॉलला लागायला हवं ते अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड, आणि ते बॉलच्या खालच्या-उजव्या भागावर (डावखुऱ्यांसाठी उलट). बॉल आकाशात जात असेल तर दोनच कारणं तपासा: टेकवलेला पाय बॉलच्या मागे राहतोय, किंवा अंग मागे झुकतंय. बॉल वळतच नसेल तर तुम्ही मधोमध मारताय.

न फिरणारा, हवेत हेलकावे खाणारा बॉल हा दुसरा प्रकार. पायाच्या वरच्या कडक भागाने बरोबर मध्यावर किंवा जरासं खाली मारून पाय लगेच आखडता घ्यायचा. फिरकी जवळजवळ नसते, त्यामुळे शिवणीभोवतीची हवा कधी इकडे तर कधी तिकडे ढकलते. ब्राझीलचा जुनिन्यो पर्नाम्बुकानो यात उस्ताद. लियाँकडून त्याने फ्री किकवर ४४ गोल केले. पण आकार बिघडलेल्या, पाणी प्यायलेल्या बॉलवर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. तो हेलकावे खातो ते तुमच्या कौशल्याने नव्हे.

सराव, नाशिकच्या मैदानावर

नियमाप्रमाणे बॉलमधली हवा ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. मीटर असलेला पंप वापरा; अंगठ्याने दाबून बघण्याने रोज वेगळा बॉल मिळतो. ९.१५ मीटरची सुतळी कापून ठेवा. बारा वर्षांच्या मुलाची दहा पावलं सात-आठ मीटरच भरतात, आणि जवळच्या वॉलवरून मारायची सवय लागली की खऱ्या सामन्यात बॉल दांड्यावरून जातो. वॉलसाठी दोन बांबूंमध्ये १.८ मीटर उंचीवर दोरी बांधली तरी चालते. आठवड्यातून दोनदा, एका वेळी वीसेक किक, एकाच जागेवरून. त्यापुढे मांडी थकते आणि चुकीची सवय पक्की होते.

इथली काळी माती जुलैत बुटाला किलोभर चिकटते. टेकवलेला पाय घसरणं हे पावसाळ्यातल्या वाया गेलेल्या फ्री किकचं पहिलं कारण, म्हणून धाव छोटी करा आणि मारण्याआधी ती जागा बुटाने दाबून घ्या. ओल्या मैदानावर वॉलच्या बाजूने खाली मारलेला, कीपरच्या पुढे टप्पा पडणारा बॉल वरच्या कोपऱ्यापेक्षा जास्त गोल देतो, कारण तो टप्प्यानंतर घसरून वेगाने येतो आणि हातातून सुटतो. सुटलेल्या बॉलवर धावायला दोन जण ठेवा. उन्हाळ्यात तीच जमीन विटेसारखी होते. जिथे फुटबॉल आणि क्रिकेट एकाच मैदानावर चालतं तिथे पिचचा कडक पट्टा कुठे येतो हे कीपरने सामन्याआधीच बघून ठेवावं.

टर्फवर आणि इतर खेळांत

गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत झालेल्या छोट्या टर्फवर मोठ्या मैदानाचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. स्पर्धा फुटसालच्या (छोट्या मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलच्या) नियमांनी असेल तर अंतर ५ मीटर, म्हणजे साधारण साडेसोळा फूट, आणि किक ४ सेकंदांत घ्यावी लागते. शिवाय संघाचे डायरेक्ट फ्री किकचे फाऊल प्रत्येक हाफमध्ये मोजले जातात. सहाव्या फाऊलपासून पुढे समोरच्याला वॉलशिवाय, गोलपासून १० मीटरवरच्या खुणेवरून मारायला मिळतं. पाच फाऊल झालेला संघ त्यानंतर टॅकल करायला घाबरतो, आणि शेवटची मिनिटं त्यावरच ठरतात.

रग्बीत फ्री किक ही पेनल्टीपेक्षा हलकी शिक्षा आणि तिच्यावरून थेट गोलवर मारून गुण घेता येत नाहीत; रेफरीचा हात कोपरात वाकलेला असेल तर फ्री किक, सरळ तिरका वर असेल तर पेनल्टी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये उलट, फ्री किकवरून सरळ गोल मारता येतो. हॉकीतला फ्री हिट याच कुळातला: समोरचे ५ मीटर लांब, आणि खेळाडू स्वतःच बॉल पुढे घेऊन निघू शकतो.

टर्फवरच्या स्थानिक स्पर्धांत आयोजक यातले नियम हवे तसे मिसळतात. म्हणून टॉसच्या वेळी कॅप्टनने चार गोष्टी विचारून घ्याव्यात: वॉलचं अंतर किती, फाऊल मोजणार का, सगळ्या फ्री किक डायरेक्ट धरणार की इनडायरेक्टही देणार, आणि बॅकपास कीपरने हातात घेतला तर काय.